दुपारची स्वस्त वीज नेमकी कोणाच्या कामाची?

स्मार्ट मीटर बसलेल्या नाशिककरांच्या वीजबिलात जुलै २०२५ पासून एक नवा हिशेब दिसू लागला आहे. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या युनिटवर घरगुती ग्राहकाला सवलत मिळते; २०२५-२६ साठी ती ८० पैसे ठरली. तेच युनिट रात्री ८ वाजता वापरले तर सवलत नाही. तार तीच, मीटर तोच, पंखाही तोच, मग दुपारचे युनिट स्वस्त आणि रात्रीचे महाग का, हा प्रश्न कोणालाही पडेल. जाहिरातींत सवलतीचा आकडा ठळक असतो आणि कारण एका ओळीत उरकलेले असते. ते कारण नीट समजून घेतले, तर ही सवलत कोणाच्या उपयोगाची आहे आणि कोणाच्या नाही, हेही आपोआप उलगडते. वेळेनुसार बदलणारा दर माणसांच्या सवयी फारशा बदलू शकत नाही, असे माझे मत आहे. ज्या यंत्राच्या मागे काहीतरी साठवून ठेवण्याची सोय आहे, मग ते पाणी असो, थंडावा असो किंवा बॅटरीतला भार असो, त्याच यंत्राची वेळ तो बदलू शकतो.

विजेच्या व्यापाराचा सगळा पेच एका गोष्टीत आहे: ती तयार होते त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे. लासलगावच्या शेतकऱ्याला कांद्याचा भाव पटला नाही, तर तो कांदा चाळीत ठेवून दोन महिने वाट पाहू शकतो. पिंपळगावच्या टोमॅटो उत्पादकाला तशी मुभा नसते; म्हणून आवक वाढली की भाव इतका कोसळतो की गाडीभाडेही सुटत नाही, आणि आवक आटली की तोच टोमॅटो किलोला शंभरी गाठतो. वीज हा टोमॅटोपेक्षाही नाशवंत माल आहे, कारण तिला एका रात्रीचीदेखील सवड नसते.

ही तातडी मोजण्याचे एक साधे माप आहे. देशातील वीजजाळे सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ, या गतीने चालते; हीच त्याची वारंवारता. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की देशभरातील जनित्रांवर ताण येऊन त्यांची गती किंचित मंदावते आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली उतरते. मागणी घटली की ती वर चढते. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढ्या अरुंद पट्ट्यात ती ठेवणे अपेक्षित असते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी जोडले गेले आणि तेव्हापासून संपूर्ण देश एकाच वारंवारतेवर चालतो. म्हणजे निफाडला सुरू झालेल्या एका मोटारीचा भार, अतिशय सूक्ष्म प्रमाणात का होईना, तामिळनाडूतील जनित्रालाही जाणवतो.

हा तोल सांभाळण्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागात किती वीज लागेल, याचा अंदाज वितरण कंपनीला आदल्या दिवशीच द्यावा लागतो आणि त्यानुसार कोणत्या केंद्राने किती वीज निर्माण करायची हे ठरते. महाराष्ट्रापुरते हे काम कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून चालते. तेथे केंद्रांची एक क्रमवारी असते: ज्याचा इंधनखर्च सर्वांत कमी ते केंद्र आधी, त्याच्याहून महाग ते नंतर, आणि सर्वांत महागडे केंद्र गरज पडली तरच. नाशिककरांना या क्रमवारीचा अनुभव घराजवळच आहे. एकलहरे येथील औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, परंतु कोळसा दूरवरून रेल्वेने येतो आणि वाहतुकीचा खर्च युनिटच्या किमतीत मिसळतो. त्यामुळे विदर्भातील खाणींलगतची केंद्रे क्रमवारीत वर राहतात आणि मागणी कमी असली की एकलहरेला हात आखडता घ्यावा लागतो. केंद्र जुने, शहराच्या अभिमानाचे आणि अनेक कुटुंबांच्या रोजगाराचे आहे, याची नोंद या क्रमवारीत कोठेच नसते. तिथे फक्त युनिटमागचे पैसे पाहिले जातात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एखाद्या वेळी विजेचा खरा खर्च किती, हे सर्व केंद्रांच्या सरासरीवरून ठरत नाही. त्या वेळी शेवटचे जे महागडे केंद्र चालवावे लागले त्याच्यावरून ठरते. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी २ वाजता राज्यभरातील सौरप्रकल्प भरात असतात, त्यांना इंधनाचा खर्च नसतो आणि वीज बाजारातील भाव कित्येकदा युनिटला दोन-तीन रुपयांवर किंवा त्याच्याही खाली येतो. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसातला सूर्य मावळलेला असतो, घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे आणि दूरचित्रवाणी संच सुरू झालेले असतात, दुकानांचे फलक उजळलेले असतात आणि बाजारभाव अनेकदा १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. पाच-सहा तासांत तिप्पट-चौपट फरक पडतो, पण सरासरी दराच्या बिलात तो कोठेच दिसत नसल्याने ग्राहकाच्या लेखी दुपारचे दोन आणि रात्रीचे आठ सारखेच राहतात. दुपारी वीज वापरणारा या व्यवस्थेत रात्रीच्या वापराचा काही खर्च आपल्या खिशातून भरत असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

कोळशावरच्या संचांना पाहिजे तेव्हा बंद-चालू करता आले असते तर गोष्ट निराळी होती. परंतु बॉयलर पूर्ण थंड झाला तर संच पुन्हा सुरू होण्यास कित्येक तास जातात, म्हणून दुपारी गरज नसली तरी संच मंद गतीने चालू ठेवावा लागतो. ही किमान पातळी अनेक वर्षे क्षमतेच्या ५५ टक्के मानली जात होती, म्हणजे २१० मेगावॉटच्या संचासाठी सुमारे ११५ मेगावॉट. ती ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये केले; पण जुन्या यंत्रांना दररोज असे खाली-वर करणे मानवत नाही, झीज वाढते आणि कोळशाचा वापरही दर युनिटमागे वाढतो. रात्री लागणार म्हणून दुपारी जिवंत ठेवलेला संच, हाही रात्रीच्या विजेच्याच खर्चाचा भाग आहे.

जुन्या दरांचा उलटा फेरा

वेळेनुसार दर ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या उच्चदाब (जास्त दाबाची वीज थेट घेणाऱ्या मोठ्या) उद्योजकाला ती कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. त्याच्या बिलात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत असे, सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ८० पैशांचा आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० या वेळेत १ रुपया १० पैशांचा अधिभार असे. तेव्हा रात्री मागणी कमी आणि कोळशाचे संच चालूच, अशी स्थिती होती. शिल्लक वीज कोणीतरी वापरावी म्हणून ती स्वस्त दिली जाई. या दरावर विसंबून भट्ट्या, उष्णोपचाराची कामे आणि प्लॅस्टिक साच्यांची यंत्रे रात्रपाळीत लावली गेली, कामगारांच्या पाळ्या ठरल्या, त्यांच्या बसची वेळही ठरली.

मग सौरऊर्जा आली आणि शिल्लक विजेची वेळ रात्रीवरून दुपारवर गेली. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दिवसाचे आठ तास सौर तास मानावेत, त्या तासांचा दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, आणि कमाल मागणीच्या तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी तो किमान १.२ पट, तर इतरांसाठी किमान १.१ पट असावा, असे त्यात म्हटले. १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती वगळता बाकी सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ अशी मुदत ठरली. प्रत्यक्ष दर ठरविण्याचा अधिकार मात्र राज्य वीज नियामक आयोगाकडे असतो, आणि महाराष्ट्रात २०२५ च्या जुलैपासून उद्योगांची रात्रीची जुनी सवलत जाऊन ती सकाळी ९ ते सायंकाळी ५ कडे सरकली. सायंकाळी ५ ते मध्यरात्री १२ हे तास महाग ठरले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. पण रात्रपाळीवर भांडवल लावलेल्या छोट्या कारखानदाराची तक्रारही खोटी नाही. त्याने दराचा संकेत ऐकला, त्याप्रमाणे वागला, आणि नेमका तोच संकेत उलटला. भट्टी दुपारी चालवायची तर दुसऱ्या यंत्रांच्या वेळा आड येतात. शिवाय उच्चदाब ग्राहकाला युनिटांखेरीज मागणी आकारही भरावा लागतो, जो महिन्याभरातील सर्वांत जास्त भारावर ठरतो. सगळी मोठी यंत्रे स्वस्त तासांत एकदम चालवली, तर युनिटवर वाचलेला पैसा मागणी आकारात परत जाण्याची शक्यता असते. हे गणित प्रत्येक कारखान्याचे वेगळे येते, म्हणून सवलत आली म्हणजे बिल घटेलच असे सरसकट म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मागणीने निर्मितीच्या मागे चालावे

शंभर वर्षे वीजव्यवस्थेचा शिरस्ता असा होता की ग्राहकाने हवे तेव्हा बटण दाबावे आणि निर्मितीने धावपळ करून ते पुरे करावे. निर्मितीचा मोठा भाग ऊन-वाऱ्यावर अवलंबून राहू लागला की ही धावपळ दिवसेंदिवस महाग होते. म्हणून उलट विचार पुढे आला: निर्मिती कमी असेल तेव्हा काही मागणीनेच थोडे मागे सरावे, आणि निर्मिती मुबलक असेल तेव्हा पुढे यावे. यालाच मागणी प्रतिसाद म्हणतात. तो दोन मार्गांनी घडतो. एका मार्गात फक्त दर बदलतो आणि काय करायचे ते ग्राहक ठरवतो. दुसऱ्या मार्गात करार असतो: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मर्यादेत भार कमी करण्याची हमी ग्राहक देतो, त्याचा मोबदला त्याला मिळतो, आणि पुष्कळदा प्रत्यक्ष भार दूरवरून आपोआप कमी केला जातो. राज्य आयोगाने २०२४ मध्ये मागणीच्या लवचिकतेविषयी स्वतंत्र विनियम केले आहेत, ते या दुसऱ्या मार्गाला वाट करून देण्यासाठीच.

भारनियमन आणि मागणी प्रतिसाद यांत गल्लत करू नये. भारनियमनात संपूर्ण फीडर, म्हणजे उपकेंद्रातून एका भागाला वीज नेणारी वाहिनी, बंद होतो; त्यावर दवाखाना आहे की पिठाची गिरणी, हे कोणी पाहत नाही, आणि अंधारात बसल्याचे पैसेही कोणी देत नाही. २००५ नंतरची ती वर्षे ज्यांनी गावात काढली, त्यांना वेळापत्रक पाठ असे. त्याच काळात महाराष्ट्रातील ग्रामीण भागात अक्षय प्रकाश योजना राबवली गेली. गावाने संध्याकाळच्या टंचाईच्या वेळेत शेतीपंप, गिरण्या आणि शेगड्या चालवायच्या नाहीत, फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही एवढाच वापर ठेवायचा, आणि त्या बदल्यात गावात त्या वेळी वीज राहील, असा तो सौदा होता. स्मार्ट मीटर नव्हते, मोबाइलवरचे अॅप नव्हते. ग्रामसभेचा ठराव आणि शेजाऱ्याची नजर एवढ्यावर ते चालले. मागणी प्रतिसादाचा आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रयोग होता असे मी मानतो, जरी कोणी त्याला त्या नावाने ओळखत नव्हते. त्याची कमजोरीही उघड होती: एकाने गुपचूप पंप चालवला, तर फायदा त्याचा आणि तोटा साऱ्या गावाचा.

घराघरांतील छोटा भार एकत्र आला तर त्याची ताकद किती होते, हे ५ एप्रिल २०२० च्या रात्री दिसले. पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री ९ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवायचे होते. मागणी १२ ते १३ हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली आणि थोड्याच वेळात पुन्हा चढली. जलविद्युत केंद्रांनी पाणी कमी-जास्त करून तोल सांभाळला, तरीही वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ अशी हेलकावली. लोकांनी ठरवले तर मागणी हलते, हा यातला आशेचा भाग. सगळ्यांनी एकाच मिनिटाला हलवली तर ती नवे संकट होते, हा दुसरा भाग स्मार्ट यंत्रणा आखणाऱ्यांनी विसरून चालणार नाही. दर ५ वाजता बदलतो म्हणून लाखो चार्जर आणि पंप ५ वाजता एकदम बंद झाले आणि सकाळी ९ च्या ठोक्याला एकदम सुरू झाले, तर गल्लीतले रोहित्र आधी जळेल आणि स्वस्त विजेचा लाभ नंतर मोजावा लागेल. उपाय सोपा आहे: प्रत्येक यंत्राला काही मिनिटांचा वेगवेगळा उशीर देणे. पण तो यंत्रातच बसवावा लागतो. लोकांना सांगून होत नाही.

द्राक्षांच्या शीतगृहात

भार सरकवणे म्हणजे काय, हे नाशिकमध्ये पाहायचे असेल तर निर्यातीच्या द्राक्षांच्या शीतगृहात जावे. जानेवारी ते एप्रिल हा हंगाम. सकाळच्या गारव्यात घड कापले जातात, दुपारपर्यंत पॅकिंग होते, आणि पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत जातात. तेथे जोरदार थंड हवा पेट्यांमधून खेचून मण्याचे तापमान सहा ते आठ तासांत ४ अंशांच्या आसपास आणतात. त्यानंतर पेट्या साठवणुकीच्या खोलीत जातात, जेथे तापमान ० ते १ अंश आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर ठेवतात.

आता दर पाहू. प्रीकूलिंगचा भार दुपारी वाढू लागतो आणि रात्रीपर्यंत राहतो, म्हणजे त्याचा मोठा हिस्सा नेमका महागड्या तासांत पडतो. तो पुढे ढकलता येत नाही, कारण तोडणीनंतर प्रत्येक तासाला देठ सुकतो आणि हिरवा देठ हेच परदेशी खरेदीदाराच्या लेखी ताजेपणाचे लक्षण आहे. साठवणुकीच्या खोलीचे मात्र निराळे आहे. तिच्या भिंतींत जाड इन्सुलेशन पॅनेल असते, आत कित्येक टन थंड माल असतो, दारे बंद असतात; कंप्रेसर दोन तास थांबला तरी तापमान लगेच चढत नाही. दुपारी ४ वाजेपर्यंत खोली मर्यादेच्या खालच्या टोकाला आणून ठेवली, तर संध्याकाळचे काही तास ती जवळजवळ स्वतःच्या थंडाव्यावर निघतात. याच खोलीत साठवण आहे. ती विजेची नसून थंडाव्याची आहे, एवढेच.

मग सगळे शीतगृहवाले हे आजच का करत नाहीत? हिशेब करून पाहू. समजा ६० किलोवॉटचा कंप्रेसर दोन तास थांबवला. १२० युनिटे महागड्या तासांतून सरकली. स्वस्त आणि महाग तासांतील फरक ३ रुपये धरला, तर दिवसाला ३६० रुपये सुटले. दुसऱ्या बाजूला, एका कंटेनरमध्ये सुमारे १३ टन द्राक्षे जातात. किलोला १०० रुपये धरले तरी माल १३ लाखांचा. तापमान खाली-वर झाले की मण्यांवर दव धरते, दवातून बुरशी येते, आणि पेटीत ठेवलेला गंधकाचा कागद ओल लागून जास्त वायू सोडतो, त्याने मण्यांवर पांढरट डाग पडतात. ३६० रुपयांसाठी १३ लाखांवर जुगार कोण खेळेल? शीतगृहाचा व्यवस्थापक नकार देतो तेव्हा त्याला विजेचे अर्थशास्त्र कळत नाही असे समजण्याचे कारण नाही. त्याला ते आपल्याहून चांगले कळते.

त्याला हो म्हणायला लावायचे तर दोन गोष्टी लागतील. पहिली, खोलीत ठिकठिकाणी तापमापक आणि अर्ध्या अंशाचा फरक पडताच कंप्रेसर आपोआप सुरू करणारा नियंत्रक, म्हणजे निर्णय माणसाच्या धास्तीवर राहणार नाही. दुसरी, बर्फाच्या टाक्या किंवा तत्सम शीतसाठा, जो दुपारच्या स्वस्त विजेवर गोठवायचा आणि संध्याकाळी प्रीकूलिंगसाठी वापरायचा. दुसऱ्या उपायाने न ढकलता येणारा भारही सरकतो, पण त्याला भांडवल लागते आणि ते फेडायला हंगाम जेमतेम चार महिन्यांचा.

घरात हीच गोष्ट लहान प्रमाणात आहे. कपडे धुण्याच्या यंत्राची एक फेरी, पाणी तापवण्याची सोय न वापरता, ढोबळमानाने अर्धे युनिट घेते. ती रात्रीऐवजी दुपारी केली तर ४० पैसे वाचतात. विजेच्या दुचाकीची बॅटरी पूर्ण भरायला तीन युनिटे धरली तर २ रुपये ४० पैसे. इतक्यासाठी दोघेही नोकरीला जाणारे सिडकोतले जोडपे आपला दिवस उलटा करणार नाही, आणि त्यांनी तसे करावे असे म्हणण्यातही अर्थ नाही. रात्रीचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि उकाड्यातली झोप या गोष्टी सरकत नाहीत. दिवसभर घर बंद असणाऱ्या कुटुंबाला सवलत कमी आणि दुपारी घरी वातानुकूलन यंत्र लावणाऱ्याला जास्त, हा या दराचा अंगभूत तिरपेपणा आहे.

पण त्याच जोडप्याच्या सोसायटीत गच्चीवर टाकी आहे. गंगापूर रोडवरच्या एखाद्या मध्यम सोसायटीत साडेसात अश्वशक्तीची मोटर रोज दोन तास चालते असे धरू. साडेसात अश्वशक्ती म्हणजे साधारण ५.६ किलोवॉट; दोन तासांत ११ युनिटे, महिन्याला ३३५ च्या आसपास. ८० पैशांनी २७० रुपये. रक्कम डोळे दिपवणारी नाही, परंतु त्यासाठी कोणालाही गैरसोय सोसावी लागत नाही. वॉचमन सकाळी सहाला दाबतो ते बटण टायमरने अकराला दाबले जाते आणि टाकी संध्याकाळपर्यंत भरलेली असते. महापालिका गंगापूर आणि मुकणे धरणांतून पाणी उपसून शहराला देते, तिच्या पंपांना हेच तत्त्व कितीतरी मोठ्या प्रमाणात लागू पडते. नळाला पाणी सोडण्याची वेळ बदलायची गरज नाही. जलकुंभ भरण्याची वेळ बदलली तरी पुरे. जेथे जलकुंभ पुरेसे मोठे नाहीत तेथे मात्र हेही होत नाही. पुढच्या सिंहस्थासारख्या दिवसांत तर कोणताच भार सरकवण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा सगळे पंप, सगळे दिवे एकाच वेळी लागतात.

जिथे दर चालत नाही

ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत मोठा सरकवता येण्याजोगा भार शेतीपंपांचा आहे, आणि गंमत अशी की तेथे दराचा उपयोगच नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे; जिथे किंमत शून्य, तिथे ८० पैशांचा संकेत कोणाला ऐकू येणार? तेथे वेळ ठरते ती फीडरच्या स्विचने. पंपाला लागणारी थ्री फेज वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री ठरावीक तास, असा परिपाठ वर्षानुवर्षे चालत आला. वीज कधी येईल याचा भरवसा नसल्याने शेतकऱ्याने ऑटो स्विच लावला, म्हणजे वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू. एकट्याच्या दृष्टीने ही सोय, पण फीडरवरच्या सगळ्या मोटारी त्याच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर एकदम झटका बसतो. वर सांगितलेला एकाच मिनिटाचा धोका तो हाच.

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात रात्री पाणी भरायला जाणे म्हणजे बिबट्याची भीती. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्याची मागणी त्यामुळे जुनी आहे, आणि आता प्रथमच ती जाळ्याच्या सोयीशी जुळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राला सौरप्रकल्प जोडून शेतीच्या फीडरला दिवसा वीज देण्याचा प्रयत्न आहे. चांदवड-सिन्नरकडच्या शेततळ्यांनी यात आणखी एक सोय करून ठेवली आहे: विहिरीचे पाणी दुपारी तळ्यात घ्यायचे आणि ठिबकला हवे तेव्हा सोडायचे. तळे हाच साठा. भूजलाचा उपसा मोफत विजेने आणि तळ्यांनी वाढतो, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर वीजदरात सापडणार नाही.

स्मार्ट मीटरबद्दल थोडे. जुन्या मीटरला महिन्याचे एकूण युनिट कळत असे. नवा मीटर दिवसाच्या छोट्या-छोट्या भागांचा वापर वेगळा नोंदवतो आणि तो दूरवर कळवतो, म्हणून वेळेनुसार बिल शक्य होते. एवढेच त्याचे मूळ काम. प्रीपेडवरून राज्यात झालेल्या विरोधानंतर २०२४ मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांवर प्रीपेडची सक्ती न करण्याची भूमिका शासनाने घेतली आणि हे मीटर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आधी वापर आणि मग बिल, असे चालतात. मीटर बदलल्यावर बिल वाढले अशी शंका असेल तर चाचणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मला स्वतःला बिलापेक्षा दुसरी काळजी अधिक महत्त्वाची वाटते: अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद पाहिली की घर कधी रिकामे असते, माणसे कधी झोपतात, हे सहज कळते. ही माहिती कोणाकडे किती काळ राहते, यावर आपल्याकडे अजून पुरेशी चर्चा झालेली नाही.

दर किती मोकळा सोडावा, हा उरलेला प्रश्न. अमेरिकेतील टेक्सासमध्ये काही घरांनी घाऊक बाजाराला थेट जोडलेला दर स्वीकारला होता. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तो बाजार युनिटला ९ डॉलरच्या कमाल मर्यादेला पोहोचला आणि लोकांना हजारो डॉलरची बिले आली. ती मागणी सरकणारी नव्हती. थंडीत गारठलेल्या घराला ऊब हवी होती. फ्रान्सने दुसरी तऱ्हा निवडली. तेथील टेम्पो नावाच्या दरात वर्षाचे ३०० दिवस स्वस्त, ४३ दिवस मध्यम आणि हिवाळ्यातील २२ दिवस अतिशय महाग असतात. उद्याचा दिवस कोणत्या रंगाचा, हे आदल्या दिवशी कळते, आणि ज्याला झेपेल त्यानेच तो दर घ्यायचा. महाराष्ट्राने घरगुती ग्राहकाला सध्या फक्त सवलतीची बाजू दिली आहे, हे मला शहाणपणाचे वाटते. टंचाईचे दिवस वर्षात मोजकेच असतात. त्यांच्यासाठी शीतगृहे, पाणीपुरवठा आणि कारखाने यांच्याशी आगाऊ करार करणे हे साऱ्या घरांचा संध्याकाळचा दर वाढवण्यापेक्षा स्वस्त पडेल.

दुपार आणि संध्याकाळ यांच्या दरांतला हा फरक कायम राहील, असेही कोणी धरून चालू नये. इगतपुरीच्या पलीकडे, अकोले तालुक्यात घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातून पाणी वर चढवायचे आणि टंचाईत तेच खाली सोडून वीज करायची. अशा पद्धतीत १०० युनिटे खर्चून पंचाहत्तरच्या आसपास परत मिळतात. बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत. असा साठा जसजसा वाढेल तसतशी दुपारची वीज दुपारीच संपवण्याची घाई कमी होईल, संध्याकाळचा भाव खाली येईल आणि सवलतही आकसेल. रात्रीच्या दीड रुपयाचे जे झाले ते दिवसाच्या सवलतीचेही होऊ शकते. सोसायटीने टायमरवर खर्च केलेले दीड-दोन हजार रुपये वर्षाच्या आत वसूल होतात, तेव्हा तिने थांबण्याचे कारण नाही. बर्फाच्या टाक्यांवर लाखो रुपये घालू पाहणाऱ्या शीतगृहचालकाने मात्र आजच्या दरफरकाने दहा वर्षांचा हिशेब मांडू नये. फरक निम्म्यावर आला तर कर्जाचे हप्ते निघतात का, हे आधी पाहावे आणि वितरण कंपनी भार कमी करण्याचा ठरावीक मुदतीचा करार लेखी देते का, हे विचारावे.